उद्या घोडा

सहलीचा आराखडा मी तक्त्यात मांडला होता. वार, अंतर, मुक्काम, पेट्रोल, बाजार असे पाच रकाने. त्यातल्या पाचव्याने व्हिएतनाममधल्या येन मिन गावात, जेवायच्या टेबलावर, शेजारपाजारच्यांच्या साक्षीने माझी शोभा केली.

पहिला अपमान त्याआधीच झाला होता, तो चटकन उरकतो. व्हिएतनामच्या उत्तर टोकाला, हा जांगच्या डोंगरांत साडेतीनशे किलोमीटरची फेरी मोटारसायकलवर करायची होती. पण भारतात मिळतो तो आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९च्या कराराचा आणि व्हिएतनाम मानतो तो १९६८च्या कराराचा. गाडी भाड्याने देणारे फारसं न बघता किल्ली हातावर ठेवतात, हे खरं. पण पोलिसाने धरलं तर दंड आपला, आणि आपटलो तर विमा कंपनी तेच १९४९ साल दाखवून हात वर करणार. म्हणून वीस वर्षं गाडी चालवणारा मी, तिथल्या हमोंग या डोंगरी जमातीतल्या बावीस वर्षांच्या एका पोराच्या मागे, कॅरिअरची दांडी धरून बसलो. वळणावर मी आपसूक पाय दाबायचो. तिथे ब्रेक नव्हता.

पोरगा मात्र पक्का. उतार लागला की दुसऱ्या गिअरवर घ्यायचा आणि इंजिनाच्या जोरावर गाडी रोखायचा. बिनगिअरची स्कूटर घेऊन आलेले पाहुणे अख्खा घाट ब्रेक दाबून उतरतात. मग ब्रेक तापतात, पकड सुटते, आणि गुडघ्याला बँडेज बांधलेली मंडळी पुढच्या गावात कॉफी पीत बसलेली दिसतात. साध्या गिअरच्या गाडीची टाकी चारेक लिटरचीच असते, त्यामुळे काटा अर्ध्यावर आला की पंप दिसेल तिथे भरायचं. रस्त्याकडेच्या बाटलीतलं पेट्रोल अगदीच नाइलाज झाला तर. हे सगळं माझ्या चौथ्या रकान्यात होतं. चौथा रकाना निर्दोष होता.

पाचव्यात लिहिलं होतं: शनिवार, सा फिनचा बाजार. रविवार, डोंग व्हानचा बाजार. रविवारचं बरोबर होतं. डोंग व्हान आणि मेओ व्हाक दोन्हीकडे बाजार रविवारीच भरतो. आता आठवडी बाजार म्हटला की त्याला एक वार असणार, हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. शुक्रवारी रात्री घरमालकीणबाईंना विचारलं, "उद्या सा फिनचा बाजार किती वाजता?" फोनने ते त्यांच्या भाषेत म्हटलं. बाई फोनशी काहीतरी बोलल्या. फोन बातम्यांच्या आवाजात म्हणाला, "नाही. उद्या घोडा."

मला वाटलं, घोडा भाड्याने देतायत. म्हटलं, "घोडा नको. आमच्याकडे मोटारसायकल आहे."

बाईंनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. सावकाश, लहान मुलाला सांगतात तसं बोलल्या. फोन: "साप आज होता. डुक्कर गुरुवारी."

"मावशी, मी शाकाहारी आहे."

बाईंनी सुनेला हाक मारली. सुनेने शेजारणीला. तिघींनी मला परत एकदा 'घोडा नको' म्हणायला लावलं. मी म्हटलं. आपण काय विनोद केला ते कळत नसताना तोच विनोद फर्माईशीवर करून दाखवण्याइतकी मानहानी दुसरी नाही. हसता हसता सुनेने मक्याच्या दारूचा पेला पुढे सरकवला. मी घेतला, पोरग्याने नाही. सकाळी गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारूचा थेंबही तिथल्या कायद्याला चालत नाही.

शेवटी बाईंनी भिंतीवरची रोज एक पान फाडायची दिनदर्शिका काढून माझ्यासमोर आपटली. तारखेखाली चांद्र तिथी आणि त्या दिवसाचा प्राणी. बारा दिवसांना बारा प्राणी. सा फिनचा बाजार साप आणि डुकराच्या दिवशी, लुंग फिनचा वाघ आणि माकडाच्या, फो काओचा ड्रॅगन आणि कुत्र्याच्या. म्हणजे दर सहाव्या दिवशी, म्हणजेच दर आठवड्याला एक वार मागे. पंचांग बघितल्याशिवाय पाय न उचलणाऱ्यांच्या घरात वाढलेला माणूस मी. आणि डोंगरात निघालो तो नुसते वार घेऊन.

सकाळी सा फिन वाटेतच लागलं. रिकामा बाजारओटा, एक कोंबडी.

त्याआधी थाम मा घाटाच्या वळणावर, जिथे सगळे थांबून फोटो काढतात, पाठीवर फुलांनी भरलेल्या टोपल्या घेतलेल्या मुली उभ्या होत्या. सहा-सात वर्षांच्या. फोटो काढला की हात पुढे. पर्यटक नोट देतो, खूश होतो, आणि 'किती निरागस' म्हणत निघून जातो. इथे मला विनोद सुचत नाही. त्या टोपल्या जड असतात, आणि पैसे मिळत राहतात तोवर त्या पोरी उन्हात उभ्या राहणार. काही द्यायचंच असेल तर मुक्काम गावातल्या घरी करा, जेवा, बाजारात मोठ्या माणसांकडून विकत घ्या. कॅमेरा खिशात राहिला तर डोंगर रुसत नाही.

जेवणाच्या सुट्टीत तक्ता दुरुस्त केला. रविवारी डोंग व्हानचा बाजार, मग मा पी लेंग खिंडीतून मेओ व्हाक. हा रस्ता १९५९ ते १९६५ या काळात हातांनी खोदलेला. खिंडीतला कडा फोडायला माणसं दोरखंडांना लोंबकळत होती. सोमवार: माकड. लुंग फिन परतीच्या वाटेवरच आहे, त्यामुळे तो बाजार फुकटात पदरात पडला. याबद्दल बाईंचे आभार मानायला हवेत. अजून मानलेले नाहीत.

संध्याकाळी डोंग व्हानला पोचलो. पोरगा उतरून दारातल्या आजीबाईंशी दोन वाक्यं बोलला. मी पाठीवरची पिशवीही उतरवली नव्हती, तोच आजीबाईंनी फोन माझ्यासमोर धरला.

"घोडा नको म्हणणारे ते तुम्हीच का?"