कचरा टाकणारी म्हातारी हदीसमध्ये नाही

ईद-ए-मिलाद जवळ आली की एक गोष्ट व्हॉट्सॲपवर हमखास फिरते. मक्केतली एक ज्यू म्हातारी पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या अंगावर रोज कचरा टाकायची. एक दिवस कचरा पडला नाही, म्हणून त्यांनी चौकशी केली. ती आजारी निघाली. ते भेटायला गेले, ती विरघळली आणि मुसलमान झाली. खाली तात्पर्य: ‘हदीस सांगते, शेजारी कितीही छळो, गप्प सोसा.’ हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची परंपरेनं आलेली नोंद.

हेतू चांगला असेल. पण पैगंबरांच्या नावावर काही सांगायचं तर आधार हवा.

‘हदीसमध्ये आहे.’ कोणत्या? बुखारी, मुस्लिम, अबू दाऊद, तिर्मिजी, नसाई, इब्न माजा या हदीसच्या सहाही प्रमुख संग्रहांत ही गोष्ट नाही.

‘मक्केतली ज्यू शेजारीण.’ बनू कैनुका, बनू नजीर, बनू कुरैजा या ज्यू टोळ्या मदिनेच्या. मक्केत घाण टाकणाऱ्या शेजाऱ्यांत पैगंबरांच्याच कुरैश टोळीतले लोक होते, चुलता अबू लहब हाही त्यांच्यातलाच. इब्न हिशाम यांच्या चरित्रग्रंथात आहे की पैगंबर ती घाण काठीवर उचलून दारात उभे राहत आणि विचारत, ‘अब्द मनाफच्या वंशजांनो, हा कसला शेजारधर्म?’ मग ती बाजूला फेकत. म्हणजे सोसलं खरं, पण गप्प राहून नव्हे.

‘गप्प सोसा.’ अबू दाऊदमधली हदीस बघा. एक माणूस शेजाऱ्याची तक्रार घेऊन आला. पैगंबर म्हणाले, सबुरीनं घे. तो पुन्हा आला, तेव्हा सांगितलं, घरातलं सामान काढून रस्त्यावर ठेव. येणारेजाणारे कारण विचारू लागले आणि ऐकून त्या शेजाऱ्याला शिव्याशाप देऊ लागले. शेवटी तोच धावत आला: परत घरात चल, माझ्याकडून पुन्हा त्रास होणार नाही. छळणाऱ्याला चारचौघांत लाज आणायची ही युक्ती फॉरवर्डवाल्यांना का आवडत नाही, कळत नाही.

‘चांगुलपणामुळे ती मुसलमान झाली.’ मला सगळ्यात खटकतं ते हे. आजारी ज्यू मुलाला पैगंबर भेटायला गेले, त्याला इस्लामचं निमंत्रण दिलं आणि त्यानं ते स्वीकारलं, हा प्रसंग बुखारीत आहे, तो लपवायचं कारण नाही. पण तो मुलगा त्यांची सेवा करणारा होता, छळणारा नव्हे. शिवाय शेजाऱ्याचा हक्क धर्मांतराच्या आशेवर टांगलेला नाही. कुराण (४:३६) नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही चांगलं वागायला सांगतं. पैगंबरांचे सोबती हजरत अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरं कापलं गेलं, तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, ‘आपल्या ज्यू शेजाऱ्याला वाटा पाठवला का?’ कारणही सांगितलं: देवदूत जिब्रीलनं शेजाऱ्याबद्दल इतकं बजावलं की शेजारी आता वारसदारच ठरणार असं पैगंबरांना वाटलं होतं. तो शेजारी पुढे मुसलमान झाला का, याबद्दल त्या हदीसमध्ये अक्षर नाही.

फॉरवर्ड करायचंच असेल तर हा प्रसंग करा. अबू दाऊद आणि तिर्मिजी, दोन्हींत सापडेल.