गिऱ्हाईक, डझनाचा भाव आणि एक फियाट

लहान प्रतिकृती मागणीनुसार रंगवून देण्याचा माझा धंदा आहे, असे मी सांगितले की समोरचा माणूस प्रथम "वा!" म्हणतो, मग "फार नाजूक काम हो!" म्हणतो आणि मी दर सांगण्याआधीच आपल्या भाच्यालाही असे काहीतरी छान जमते, हे आवर्जून कळवतो. वर्षभरात मला अशा अकरा भाच्यांची माहिती मिळाली. गिऱ्हाईक मात्र एकही नाही.

दिवाळीपूर्वी एका प्रदर्शनात टेबल मांडले. १:७२ या प्रमाणात सहा फुटी माणूस जेमतेम इंचभर होतो आणि त्याच्या डोळ्यांत बुबुळ ठेवायचे तर तीन शून्यांचा ब्रश धरून श्वास रोखावा लागतो. एका काकूंनी असा एक शिपाई उचलून मंडईत भेंडी पारखावी तसा निरखला आणि विचारले, "किल्ल्यावर ठेवायला बरा आहे. काय भाव?" मी सांगितला. "डझनाला जरा जास्तच होतात, कमी करा," असे त्या म्हणाल्या. तो भाव एकाचा आहे हे कळताच त्यांनी शिपायाला असे खाली ठेवले, की जणू चुकून विंचूच हाती आला होता.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर छायाचित्रे टाकली, तेव्हा सत्तावीस अंगठे आले आणि एक चौकशी आली, ती खिडक्यांचे ग्रिल रंगवण्याचा दर काय, अशी. (मी हिशेब करून पाहिला, ग्रिलमध्ये जास्त सुटतात.)

अखेर एक निवृत्त गृहस्थ आले. वडिलांची कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट त्यांना १:२४ प्रमाणात, म्हणजे सुमारे १६ सेंटीमीटर लांबीची, हवी होती. "रंग अगदी असाच हवा," असे बजावून त्यांनी जो फोटो दिला, तो कृष्णधवल होता. त्यांच्या मते गाडी मोतिया रंगाची होती. मूळ छटा छोट्या प्रतिकृतीवर जशीच्या तशी चढवली तर गडद भासते, म्हणून तीत थोडा पांढरा मिसळावा लागतो, असे मी समजावले. त्यावर मी रंगात काटकसर करतो आहे, असा त्यांचा समज झाला. नमुना पाहायला त्यांनी बहिणीला बोलावले. "मोतिया? अरे दादा, मी त्याच गाडीतून सासरी गेले. चांगली पिस्ता होती!" मग नागपूरच्या धाकट्या भावाला फोन लागला. त्याला गाडी आकाशी आठवत होती. तिघांचे आठ दिवस बोलणे बंद होते आणि माझे काम करड्या प्रायमरवर अडले होते.

नवव्या दिवशी ताईंचा फोन आला. "दादाला कळू देऊ नका, पण माझ्यासाठी एक वेगळी पिस्ता रंगवा." संध्याकाळी नागपूरहून तेच वाक्य आकाशी रंगासह ऐकू आले. आता टेबलावर तीन फियाट ओळीने उभ्या आहेत, आणि कैलासवासी वडिलांना एकूण अपत्ये किती होती, हे त्या गृहस्थांना अदबीने कसे विचारावे, या विचारात मी आहे.