स्क्रू मारण्याआधी पट्टी ठेवून बघा : ब्रिजच्या दुरुस्तीवरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या ब्रिज-दुरुस्तीच्या लेखावर फोंड्याहून तुम्ही लिहिता की चार हजारांच्या गिटारचा ब्रिज (तारा जिथे अडकतात तो लाकडी तुकडा) उचलला गेला तर अराल्डाइट (इपॉक्सी गोंद) भरून दोन स्क्रू मारावेत, तो काढून पुन्हा चिकटवायची खटपट कशाला. गोव्यातली सेकंडहँड गिटार पावसाने खाल्लेलीच असते, असंही म्हणता. आणि चिकटवल्यावर 24 तासांत तारा चढवायला लेखात सांगणं तुम्हाला घाईचं वाटतं.

शेवटचा मुद्दा मान्य. जुलैत हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असते, सरस सावकाश सुकतो. पावसाळ्यात 48 तास थांबा. लेखात तशी दुरुस्ती करतो.

स्क्रूचं मात्र पटत नाही. 12-53 जाडीच्या (इंचाचे हजारांश) तारांचा एकूण ताण 70 किलोच्या वर जातो आणि तो ब्रिजला पुढे ओढतो. त्यामुळे ब्रिज मागच्या कडेकडून उलथतो. स्क्रू बसतात मध्यभागी, म्हणजे मागची कड उचललेलीच राहते. शिवाय टॉप, म्हणजे गिटारची पुढची फळी, जेमतेम 3 मिमी जाड, ब्रिजखाली आतून चिकटवलेली ब्रिज प्लेटही साधारण तेवढीच. लाकडी स्क्रूला धरायला तिथे काय आहे? काही कंपन्या बोल्ट लावतात, पण आतून वॉशर आणि नट घालून, आणि सरसाच्या जोडीला. अराल्डाइट लाकडाच्या तंतूंत मुरतो. पुढच्या खेपेला ब्रिज निघताना टॉपच्या चिपा घेऊन येतो आणि त्या जागी लाकडाचा सरस धरत नाही.

स्वस्त गिटारचा ब्रिज मुळात उखडतो का, हे ब्रिज काढल्यावरच कळतं. पुष्कळदा कारखान्यात तो वॉर्निशवरच चिकटवलेला असतो, म्हणजे सरसाची पकड लाकडावर नसतेच. म्हणून तारा काढा, ब्रिजभोवती फॉइल लावलेला पुठ्ठा ठेवा, इस्त्रीने ब्रिज चारेक मिनिटं तापवा आणि पातळ पॅलेट नाइफ (रंगकामाची लवचिक सुरी) मागच्या बाजूने हळूहळू सरकवा. जोर लावला तर तंतू उपटतात. अडलं की पुन्हा तापवा. मग ब्रिजच्या ठशाच्या आत 1 मिमी कड सोडून वॉर्निश खरवडून कोरं लाकड उघडं करा. आधी सरसाशिवाय क्लॅम्प लावून बघा, फट दिसता कामा नये. टाइटबाँड ओरिजिनल या लाकडाच्या सरसाचा पातळ थर पुरे. ओला सरस निसरडा असतो, क्लॅम्प आवळताना ब्रिज सरकतो आणि 1 मिमी सरकला तरी वरच्या फ्रेटवरचे (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सूर बिघडतात. म्हणून दोन्ही टोकांच्या, तारा अडकवायच्या पिनच्या भोकांत मेण लावलेल्या काड्या घाला. साउंडहोलमधून तीन क्लॅम्प, आत ब्रेसना (टॉपला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या) टेकणार नाही असा लाकडी ठोकळा, त्यावर मेणकागद. बाहेर आलेला सरस लगेच ओल्या फडक्याने पुसा. टॉप दमटपणाने फुगलेला असेल तर आधी गिटार एसीच्या खोलीत किंवा सिलिका जेलबरोबर बंद केसमध्ये ठेवून 50 टक्के आर्द्रतेच्या आसपास आणा. फुगलेल्या पोटावर बसवलेला ब्रिज जानेवारीत टॉप खाली बसला की पुन्हा कडेने सुटतो.

पण ही सगळी मेहनत करायची की नाही, ते आधी ठरवा. 60 सेंमीची स्टीलची पट्टी फ्रेटवर मधोमध टेकवा. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्यावर आलं तर नेक (गिटारची मान) ठीक आहे. माथ्याच्या 2-3 मिमी खाली, ब्रिजच्या पुढच्या अंगावर आदळलं तर नेकचा कोन गेलाय. तो पुन्हा बसवायचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीपेक्षा जास्त. तारा ढिल्या असताना कोन असतो त्यापेक्षा बरा दिसतो, त्यामुळे तेव्हाच टोक खाली येत असेल तर दुरुस्तीचा नाद सोडा. तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं खरं.

जुनी घेतानाही हीच पट्टी. पर्यटनाचा सीझन संपताना, मार्च-एप्रिलमध्ये, परतणारे पाहुणे हणजुणेपासून पालोळेपर्यंत गिटार विकून जातात, भाव तेव्हा उतरतात. तारा सुरात असताना पट्टी टेकवा. 12व्या फ्रेटवर जाड तार 2.5 मिमीच्या आसपास हवी. 4 मिमी असेल तर सॅडल (ब्रिजमधली तारा टेकणारी पातळ पट्टी) 3 मिमी घासावा लागेल, तेवढा तो वर दिसतोय का बघा. ब्रिजमागून कागद आत सरकवून बघा, शिरला तर ब्रिज सुटतोय. साउंडहोलमध्ये आरसा आणि मोबाइलचा टॉर्च धरून पिनभोवतीची प्लेट तडकली आहे का, ब्रेस सुटलेत का बघा. टॉपवर बोटाने ठोकताना खडखड आली तर ब्रेस सुटलेला असू शकतो. कुबट वास आला तर नको. ट्रस रॉडचा (मानेतला, तिचा वाक सांभाळणारा लोखंडी दांडा) नट खाऱ्या हवेने गंजलेला असेल तर विकत घेण्याआधी पाव फेरा फिरतो का ते विकणाऱ्याकडून करून घ्या. गंजलेले फ्रेट पॉलिश होतात, ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) बदलता येतात. त्यावरून फक्त भाव पाडा.

तुमच्या गिटारवर पट्टी ठेवून टोक किती मिमी खाली येतं ते लिहा, मग स्क्रूचा वाद पुढे नेऊ.