काळा पडदा दिसला की पार्ट परत, नाहीतर फॉरमॅट? थांबा जरा

‘मदरबोर्ड किंवा प्रोसेसर बदलल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला नाही तर दोनच कारणं: नवा पार्ट मेलेला आहे, नाहीतर विंडोज जुन्या बोर्डाला बांधलेलं आहे. पार्ट परत करा किंवा फॉरमॅट मारा.’ हा सल्ला सगळीकडे फिरतोय. त्यापायी लोक चांगले पार्ट परत पाठवतात, शिवाय वर्षानुवर्षांचे फोटोही घालवून बसतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, म्हणजे बोर्ड गेला.’ पंखे फिरतात ते २४ पिनच्या मोठ्या केबलवर. प्रोसेसरला वीज वेगळ्या, बहुधा ८ पिनच्या केबलने जाते. एका मित्राने बोर्ड परत पाठवायला खोक्यात भरायची तयारी केली होती. कॅबिनेट उघडून टॉर्च मारला, तर वरच्या डाव्या कोपऱ्यात, कूलरच्या आड, ते ८ पिनचं सॉकेट रिकामं. केबल बोर्डामागेच अडकून राहिली होती. ती ओढून घेतली, खटका बसेपर्यंत दाबली आणि डिस्प्ले आला.

अशा साध्या गोष्टी आधी बघा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे ना? इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतं त्यात ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे बोर्डाच्या पोर्टातून चित्र येणारच नाही. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं) असे चार छोटे दिवे असतात. कुठला पेटून राहतो ते पाहिलं की गाडी कुठे अडली ते कळतं. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ही बदलला असेल तर जुन्याच्या मॉड्युलर, म्हणजे सुट्या काढता येणाऱ्या, केबल नव्याला अजिबात लावू नका. टोकं सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि मग डिस्क जळू शकते.

‘मिनिटभरात काही दिसलं नाही तर बंद करा.’ हे डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) च्या बाबतीत साफ चुकीचं आहे. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची जुळवाजुळव करतो. त्यात काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. मध्येच बंद केलं की ते काम पुन्हा पहिल्यापासून.

‘बोर्ड प्रोसेसर ओळखत नाही, म्हणजे प्रोसेसर खराब.’ एएमडीच्या प्रोसेसरसाठीचे बी४५० चिपसेटचे बोर्ड २०१८ मध्ये आले, एएमडीचीच रायझन ५००० ही प्रोसेसरची मालिका २०२० मध्ये. जुना बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम) असलेल्या बोर्डाला हा नवा प्रोसेसर माहीतच नसतो. दोन्ही पार्ट धडधाकट असतात, फक्त बायोस अपडेट लागतो. काही बोर्डांवर तो प्रोसेसरशिवाय, नुसत्या पेन ड्राइव्हवरून होतो.

आता ‘फॉरमॅट माराच’. एक्सपीच्या काळात हा सल्ला बऱ्याचदा बरोबर होता, हे मी मान्य करतो. विंडोज १० आणि ११ मात्र नव्या बोर्डावर बहुतेक वेळा स्वतःच ड्रायव्हर जुळवून सुरू होतं. होत नसेल तर आधी बायोसमध्ये जा. ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा आला, तर बऱ्याचदा डिस्क कंट्रोलरचा मोड (बायोसमधली सेटिंग: एएचसीआय, रेड किंवा व्हीएमडी) पूर्वीपेक्षा वेगळा झालेला असतो. जुनी डिस्क एमबीआर (डिस्कच्या मांडणीची जुनी पद्धत) आणि बोर्ड फक्त यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) वाला असेल, तर डेटा न पुसता जीपीटी (मांडणीची नवी पद्धत) करायचं टूल विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे. त्याआधी बॅकअप मात्र घ्याच. लायसन्सचा प्रश्न विंडोज सुरू झाल्यावरचा, त्यामुळे बूट अडत नाही.

सर्वांत जिवावर बेततं ते पुढचं. चालू करताच बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद, म्हणजे एनक्रिप्ट, करणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते आणि कोणीतरी सांगतं, ‘व्हायरस असेल, फॉरमॅट करून टाका.’ यात व्हायरसचा संबंध नाही. डिस्कची चावी जुन्या मशीनमधल्या टीपीएमशी (चाव्या जपणारा सुरक्षेचा भाग) जोडलेली होती आणि तो टीपीएम बदलला, इतकंच. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलेल्या अनेक लॅपटॉप-पीसींवर हे एनक्रिप्शन आपोआप सुरू होतं, मालकाला पत्ताही नसतो. ती की बहुधा त्याच खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून खात्यात शिरा, पडद्यावरचा की आयडी जुळवा, अंक भरा. पार्ट अजून बदलायचे असतील तर आजच बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरता स्थगित) करा आणि की कागदावर उतरवून ठेवा. बदलून झाले असतील, तर की सापडेपर्यंत त्या डिस्कला कोणालाही हात लावू देऊ नका.