रस्सा आभाळातनं येणार म्हणं!

परवा रात्री कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर सच्यानं मोबाईल नाचवला. "बघा मर्दांनो, ड्रोननं जेवण! 2019 लाच झोमॅटोच्या ड्रोननं 5 किलो वजन घेऊन 10 मिनिटांत 5 किलोमीटर काटलंय."

"मग तवापासनं मिसळ कोण आणतंय? पोरगंच की," बाळ्या म्हणाला.

बाळ्याच्या घरची खानावळ. पार्सल बांधण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलंय. पिशवीत रस्सा ओतायचा, हवा दाबून काढायची, तोंडाला पीळ घालून रबर दोनदा फिरवायचं, मग तीच पिशवी दुसरीत उलटी घालायची. एवढं करूनबी एखादी स्पीडब्रेकरला गळतेच. "चौघांची मटण ताटं, तांबडा-पांढरा धरून तीन किलोच्या वर जातंय. ऑस्ट्रेलियात त्या विंग कंपनीचा नेहमीचा ड्रोन सव्वा किलोबी उचलत न्हाई. म्हणजे मटण एका फेरीत, रस्सा दुसऱ्या?"

"तिथं कॉफी नेत्यात लगा."

"मग कॉफीच न्या!"

मामांनी घारींचा मुद्दा काढला. हसण्यावारी नेण्यासारखा नाही तो. 2021 मध्ये कॅनबेरात घरट्याच्या दिवसांत डोमकावळे ड्रोनवर तुटून पडले, तेव्हा त्या भागातली डिलिव्हरी थांबवावी लागली होती. आपल्या घारींना तर वर मटणाचा वास!

मला विचाराल तर उडण्यात काही अवघड नाही, घोडं अडतं ते उतरण्यात. आमच्या गल्लीत वर केबल, विजेच्या तारा, वाळत घातलेली लुगडी, खाली गाड्या. विंगवाले म्हणूनच ड्रोन उतरवत नाहीत, वरच थांबवून दोरीनं पुडकं खाली सोडतात.

"म्हणजे आज्जीचंच उलटं!" सच्या खूश. समोरच्या माडीवरच्या आज्जी दुधासाठी रोज दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात.

त्यात 2021 चे ड्रोन नियम. विमानतळापासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. उजळाईवाडीच्या आमच्या विमानतळापासून मोजलं तर राजारामपुरी त्यातच येते. बरं, 2022 ला स्विगीनं किराण्यासाठी चाचणी जाहीर केली, तिच्यातही ड्रोन ठरल्या जागेपर्यंतच. तिथनं दारापर्यंत पोरगंच.

"पुरात कामाला येईल पण," मामा हळूच म्हणाले. यावर कुणी वाद घातला नाही. 2019 च्या पुरात चिखली-आंबेवाडीला बोटीशिवाय जाता येत नव्हतं. तेलंगणात विकाराबादला 2021 मध्ये ड्रोननं लस आणि औषधं नेऊन बघितलीत. पंचगंगा पात्राबाहेर पडली की तसं काहीतरी इथं हवंच. मिसळीचं मग बघू.

तेवढ्यात डिलिव्हरीचं पोरगं आलं. मॅपनं त्याला तालमीला दोन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. बाळ्यानं हातानंच माडी दाखवली. वरनं दोरी आली, त्यानं पार्सल पिशवीत ठेवलं, पिशवी झुलत वर गेली.

"आणि कांदा-लिंबू कुठाय रं?" आज्जी कठड्यावरनं ओरडल्या.