खुलासा: ती टकटक साऱ्या बांटू भाषांची नाही

‘आफ्रिकेतल्या सगळ्या बांटू भाषा जिभेने टकटक करत बोलतात, मूळ बांटू भाषाही तशीच होती’ असा मजकूर जोडून एक व्हिडिओ फिरतो आहे. त्यातली भाषा खोसा आहे, एवढंच खरं. बाकी चूक.

बांटू म्हणजे आफ्रिकेतलं एक मोठं भाषाकुळ. त्यात भाषा आहेत सुमारे ५००. त्यांतल्या बहुतेकींत हे ध्वनीच नाहीत. स्वाहिलीत नाहीत, गिकुयूत नाहीत, लुगांडात नाहीत. आहेत ते मुख्यतः दक्षिणेकडच्या खोसा, झुलू अशा मोजक्या भाषांत, आणि तेही उसने. बांटू भाषक तिथे पोचण्याआधीपासून राहणाऱ्या खोइखोइ आणि सान लोकांच्या बोलींतून ते आले. सासरच्या माणसांचं नाव घ्यायचं नाही, नावाशी जुळणारी अक्षरंही टाळायची, अशी प्रथा खोसा-झुलू सुनांमध्ये होती. टाळलेल्या अक्षरांच्या जागी हे परके ध्वनी बसले, असं अनेक अभ्यासक मानतात. (आपल्या आज्या ‘अहो’वर भागवायच्या.)

आणि हे आवाज आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. हळहळताना आपण ‘च्च च्च’ करतो, तो त्यांतलाच एक. घोड्याला हाकताना गालाच्या कडेने काढतात, तो दुसरा. ‘खोसा’ हे नाव त्यानेच सुरू होतं. फरक इतकाच, की तिथे त्यांनी शब्द बनतात.

बांटू भाषांत सर्रास आढळतो तो सूर. झुलूत ‘इन्यांगा’ एका सुरात चंद्र, दुसऱ्यात वैदू. स्वाहिली मात्र याला अपवाद.