बदललेला गुडघा वाकवायचा नाही, हे कुणी सांगितलं?

"गुडघा बदलल्यावर आत बसवलेला सांधा सरकत राहतो, डॉक्टर हे लपवतात. वर्षभर गुडघा वाकवू नका. एक्सरे टाळा, धातू रेडिएशन धरून ठेवतो. दर सहा महिन्यांनी एमआरआय करा." हा फॉरवर्ड माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि ऑपरेशनला जेमतेम महिना झालेला असताना तिने फिजिओथेरपिस्टला दारातूनच परत पाठवलं.

सगळ्यात घातक आहे ते न वाकवणं. सांधा हाडाला चिकटवणारं सिमेंट ऑपरेशन टेबलावरच, पंधरा-वीस मिनिटांत घट्ट होतं. म्हणून तर पेशंटला लगेच एक-दोन दिवसांत उभं करतात. वाकवल्याने सांधा निसटत नाही. पण सुरुवातीचे आठवडे पाय ताठ ठेवला, तर आत चिवट तंतू धरतात आणि गुडघा आखडतो. मग भूल देऊन तो जोराने वाकवावा लागतो. मावशीचा व्यायाम काय होता? पलंगाच्या कडेला बसून टाच हळूहळू मागे ओढायची. तेवढंही बंद! खुर्चीतून नीट उठायला गुडघा काटकोनात यावा लागतो, याचा विचार लिहिणाऱ्याने केला नाही.

"सरकतो" हे अर्धं खरं आहे, मान्य. पण सहसा मिलिमीटरच्या काही दशांशांनी, तेही मुख्यतः पहिल्या वर्षात. हे मोजण्याची पद्धत, आरएसए, स्वीडनमधल्या लुंडच्या योरान सेल्विक यांनी १९७४ साली मांडली: हाडात टँटलम धातूचे बारीक मणी बसवायचे, दोन कोनांतून एकाच वेळी एक्सरे काढायचे आणि मणी व सांधा यांच्यातली अंतरं ताडून पाहायची. संशोधक लेफ रीड आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये याच पद्धतीने दाखवलं की बहुतेक सांधे सुरुवातीला किंचित हलून स्थिरावतात. दुसऱ्या वर्षीही हलत राहणारे पुढे सैल होण्याचा धोका असतो. हे सगळं छापून आलंय. लपवलं कुणी? आरएसए मुख्यतः संशोधनात, नवे सांधे पारखायला वापरतात. प्रत्येक पेशंटला त्याची गरज नसते.

धातू रेडिएशन साठवत नाही. मशीन थांबलं की किरण संपले. गुडघ्याच्या एक्सरेचा डोस दिवसभरात निसर्गातून मिळणाऱ्या किरणांइतकासुद्धा नसतो. उलट एमआरआयमध्ये धातूजवळचंच चित्र बिघडतं, त्यामुळे तक्रार नसताना तो दर सहा महिन्यांनी करणं म्हणजे पैसे वाया.

ऑपरेशननंतरचा पहिला एक्सरे मात्र जपून ठेवा. पुढच्या एक्सरेत सांधा कलला का, हाड आणि सिमेंटमध्ये काळी रेघ वाढली का, हे डॉक्टर त्याच्याशी ताडून बघतात. बरा झालेला गुडघा पुन्हा दुखू लागला, तर तारखेची वाट न बघता दाखवा. ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर त्याच दिवशी.